पीस, गळ आणि नोंद

महसूल खात्यात उमेदवारी करीत असताना आमच्या कचेरीतले वयोवृद्ध शिरस्तेदार नवख्यांना नेहमी बजावीत, ‘ज्याची नोंद नाही ते घडलेच नाही असे समजा.’ जमिनीच्या उताऱ्यापुरते ते वाक्य खरे होते आणि आम्ही ते तेवढ्यापुरतेच घेतले. पुढे तीस-बत्तीस वर्षे कन्नडमधून नोंदी लिहिण्यात व मराठीतून घर सांभाळण्यात गेली. निवृत्तीनंतर काही वर्षांनी, यॉर्कशायरमधल्या एका स्वयंपाकघराच्या टेबलापाशी बसलो असताना ते वाक्य मला पुन्हा आठवले. त्या वेळी समोर जमीन नव्हती, एक पीस होते. त्या पिसाची ही हकीकत आहे.

माझा पुतण्या लीड्स येथे नोकरीस आहे. त्याच्याकडे दोन महिने राहण्याचा योग आला तेव्हा शेजारच्या एका निवृत्त शिक्षकांशी ओळख झाली. व्हार्फ नदीवर ट्राउट मासे धरणे हा त्यांचा छंद. पण गळाला ते गांडूळ लावीत नसत, कणीकही लावीत नसत. रेशीम आणि पीस यांची कृत्रिम माशी ते स्वतः बांधीत. तिकडे तिला ‘फ्लाय’ म्हणतात. पुतण्या म्हणाला, ‘काका, तुम्हांला हस्तकौशल्य आवडतं ना, या बघायला.’ मी गेलो.

टेबलाच्या कडेला एक छोटी पकड स्क्रूने बसवली होती. तिच्या जबड्यात त्यांनी तांदळाच्या दाण्याहून थोडा मोठा गळ धरला. नारिंगी रेशमाचा बारीक धागा मेणाच्या खड्यावरून ओढला आणि गळाच्या दांडीवर एकाला एक लागून असे वेढे दिले. एवढेच त्या माशीचे शरीर. मग पार्ट्रिज पक्ष्याच्या, म्हणजे आपल्या तित्तराच्या विलायती भाऊबंदाच्या पाठीवरचे तपकिरी ठिपक्यांचे एक पीस घेतले, बुडाची लव खुडून टाकली, गळाच्या डोळ्याजवळ ते बांधले आणि दोनच वेढे दिले. तिसरा वेढा देत नाहीत. गाठ मारली, धागा कापला आणि पाच मिनिटांत माशी तयार झाली. तिला नाव साधेच आहे, ‘पार्ट्रिज अँड ऑरेंज’. पक्षी आणि रंग सांगितला की कृती अर्धी सांगून होते.

अशा माशीला ‘सॉफ्ट हॅकल’, म्हणजे मऊ पिसाची माशी म्हणतात. मऊपणात सगळे मर्म आहे. कोंबड्याच्या मानेचे पीस ताठ असते. त्याचे तंतू पाण्याच्या पृष्ठभागावर टेकून उभे राहतात, म्हणून तरंगणाऱ्या माशीला ते वापरतात. तित्तर, पाणलावा, पाणकोंबडी यांची पिसे मऊ असतात. ती भिजतात आणि माशी पाण्याखाली जाते. मग प्रवाह जोरात आला की तंतू मागे मिटतात, मंदावला की पुन्हा उघडतात. पाण्याच्या तळातून पंख फुटण्यासाठी वर येणाऱ्या किड्याचे पाय असेच हलतात. ते गृहस्थ पेल्यातल्या पाण्यात माशी बुडवून दाखवीत होते. भिजल्यावर नारिंगी रेशीम गडद होऊन विटकरी झाले आणि मेलेल्या पक्ष्याचे पीस जिवंत किड्यासारखे श्वास घेऊ लागले.

मग त्यांनी आजोबांची एक जुनी पेटी उघडली. तीत सामन मासे धरण्याच्या भपकेबाज माश्यांचे सामान होते. कागदाच्या घडीतून त्यांनी एका पक्ष्याच्या मानेचे कातडे काढले आणि म्हणाले, ‘हे तुमच्याकडचे.’ करड्या-काळ्या पिसांवर पांढरे-पिवळसर चकाकते ठिपके होते, कुणी मेणाचे वा मिन्याचे थेंब टाकावेत तसे. मी ते तत्काळ ओळखले. खानापूरच्या रानात, कणकुंबीच्या वाटेवर पहाटे ज्याची बांग ऐकू येते तो आपला राखी रानकोंबडा. तिकडच्या माशी बांधणाऱ्यांना तो ‘जंगल कॉक’ या नावाने ठाऊक आहे. पुडीवर दुकानदाराचे नाव होते, किंमत होती. पक्षी कोणत्या रानातला, कोणी धरला, केव्हा धरला, यातले अक्षरही नव्हते.

त्याच पेटीत आजोबांची वहीही होती. तारीख, पाण्याची पातळी, आभाळ कसे होते, कोणती माशी लावली, किती मासे लागले, असे सगळे पेन्सिलीने टिपलेले. एकाच पेटीत मासे धरण्याची नोंद एवढी काटेकोर, आणि पक्ष्याची मात्र कोरी. शिरस्तेदारांचे वाक्य आठवले ते इथे.

मायदेशी परतल्यावर या विद्येचा मागोवा घेतला. पिसाच्या माशीचा फार जुना उल्लेख इसवी सन २०० च्या सुमारास ईलियन या रोमन लेखकाने केला आहे. मॅसिडोनियातील अ‍ॅस्ट्रेयस नदीवरचे लोक गळाभोवती तांबडी लोकर गुंडाळतात आणि कोंबड्याची दोन पिसे बांधतात, असे तो सांगतो. इंग्रजीत गळाने मासे धरण्यावरचा प्रबंध १४९६ साली छापला गेला. जुलियाना बर्नर्स या जोगिणीच्या नावावर तो सांगितला जातो आणि त्यात बारा माश्यांच्या कृती आहेत. १६५३ साली आयझॅक वॉल्टनचा ग्रंथ आला, आणि १६७६ च्या आवृत्तीत चार्ल्स कॉटनने त्याला माश्यांवरचा भाग जोडला.

मला मात्र या मोठ्या नावांपेक्षा लहान नावांचे अप्रूप वाटले. १८०७ साली व्हार्फ नदीकाठच्या जॉन स्वॉरब्रिक नावाच्या शेतकऱ्याने आपल्या खोऱ्यात चालणाऱ्या माश्यांची यादी हाताने लिहून ठेवली. पुढे ती छापली गेली. १८५७ साल म्हटले की आपल्याला दुसरे काही आठवते, पण त्याच वर्षी डब्ल्यू. सी. स्टुअर्ट या स्कॉटिश वकिलाने ‘द प्रॅक्टिकल अँगलर’ हे पुस्तक काढले आणि मऊ पिसांच्या तीन माश्या प्रसिद्ध केल्या. त्या आजही त्याच्याच नावाने ओळखल्या जातात. परंतु त्यांतली काळी माशी आपल्याला जेम्स बेली या मासे धरून पोट भरणाऱ्या माणसाने दाखवली, हे स्टुअर्टने पुस्तकातच लिहून ठेवले. वकिलाने कोळ्याचे ऋण छापून मान्य केले. १८८५ साली टी. ई. प्रिट याने यॉर्कशायरच्या माश्या चित्रांसह एकत्र केल्या. मधल्या काळात तरंगत्या माशीची फॅशन आली आणि ही साधी माशी मागे पडली, पण ती लिहिलेली होती म्हणून मेली नाही. १९७५ साली सिल्व्हेस्टर नेम्स या अमेरिकन गृहस्थाने ‘द सॉफ्ट-हॅकल्ड फ्लाय’ हे पुस्तक लिहिले आणि ती पुन्हा चलनात आणली.

हे वाचून वाचक म्हणेल, साहेबांचे छंद साहेबांना लखलाभ. आपला याच्याशी काय संबंध? संबंध आहे, आणि तो इंग्रजांहून जुना आहे.

कल्याणीचा चालुक्य राजा तिसरा सोमेश्वर याने ११३० च्या सुमारास ‘मानसोल्लास’ हा संस्कृत ग्रंथ सिद्ध केला. कल्याणी म्हणजे आजचे बिदर जिल्ह्यातील बसवकल्याण. आपल्या बेळगाव परिसरावर राज्य करणारे सौंदत्तीचे रट्ट हे याच चालुक्यांचे मांडलिक. महाराष्ट्रातील स्त्रिया कांडताना ओवी गातात याची नोंद याच ग्रंथात आहे, म्हणून मराठीचा अभ्यासक त्याला विसरत नाही. परंतु त्याच ग्रंथात ‘मत्स्यविनोद’ नावाचे प्रकरण आहे याचा उल्लेख आपल्याकडे क्वचितच होतो. मासे समुद्रातले व नदीतले, खवल्यांचे व बिनखवल्यांचे असे वर्ग पाडून राजा सुमारे पस्तीस जातींची नावे देतो. कोणत्या माशाला कोणता चारा घालून वाढवावे, एका जागी चारा टाकून मासे कसे लावून घ्यावेत, काठी, दोरी व गळ कसे असावेत आणि मग गळ कसा टाकावा, हे सारे तो सांगतो. त्यात पिसाची माशी नाही, चाऱ्याचा गळ आहे. पण गळाने मासे धरणे ही विद्या म्हणून, विनोद म्हणून, लिहून ठेवण्याचा हा प्रयत्न इंग्रजी प्रबंध छापला जाण्याच्या साडेतीन शतकांहून अधिक काळ आधीचा आहे. बडोद्याच्या गायकवाड प्राच्य ग्रंथमालेत जी. के. श्रीगोंडेकरांनी संपादिलेला त्याचा पहिला खंड १९२५ साली निघाला, तेव्हा कुठे तो छापील रूपात सर्वांपुढे आला.

सोमेश्वरानंतर काय झाले? राजाला ते प्रकरण लिहिण्यासाठी माहिती कोणी दिली असेल? राजाने स्वतः नदीकाठी बसून पस्तीस जाती ओळखल्या असतील असे मला वाटत नाही. नदीवरच्या भोयांनी व कोळ्यांनी ती नावे सांगितली असणार. ग्रंथात मात्र राजाचे नाव उरले, त्यांचे नाही. आणि राजाची हौस संपताच लेखनही थांबले. तिकडे शेतकरी लिहू लागला, शेतकऱ्यापाठोपाठ वकील. आपल्याकडे विद्या पाण्यावर राहिली आणि लेखणी काठावर राहिली. ज्याला मासे कळत त्याला लिहिता येत नव्हते, आणि ज्याला लिहिता येत होते त्याला माशाचे नाव काढणेही कमीपणाचे वाटे.

पुढची नोंद झाली ती परक्या हाताने. मुंबई सरकारने संख्याविषयक माहिती गोळा करण्यास नेमलेला कर्नल विल्यम हेन्री साइक्स दख्खनभर हिंडला आणि दख्खनच्या माशांवरचा त्याचा निबंध १८३० च्या दशकाअखेरीस लंडनमध्ये सादर झाला. त्याने एक चांगली गोष्ट केली. नव्या जातींना नावे देताना त्याने कोळ्यांच्या तोंडची नावे उचलली आणि लॅटिनच्या पंक्तीला बसवली. दख्खनी महाशीर माशाचे शास्त्रीय नाव ‘खुद्री’, दुसऱ्या एका माशाचे ‘कोलुस’, म्हणजे आपला कोळस. कृष्णेच्या खोऱ्यात मिळणाऱ्या एका चमत्कारिक मुस्कटाच्या माशाचे नाव ‘नुक्ता’ आहे. त्यात मला आपला ‘नकटा’ स्पष्ट ऐकू येतो. जगातल्या कोणत्याही देशात मत्स्यशास्त्रज्ञ हा मासा लिहितो तेव्हा एका अनाम मराठी कोळ्याचा शब्द लिहितो.

दुसरा होता हेन्री सलिव्हन थॉमस. हा मद्रास मुलकी सेवेतला, दक्षिण कानडा जिल्ह्याचा कलेक्टर, म्हणजे एका अर्थी माझ्याच खात्याचा. १८७३ साली त्याने ‘द रॉड इन इंडिया’ हे पुस्तक मंगळूर येथे छापून घेतले. त्याच्या पुढेही आवृत्त्या निघाल्या. कलेक्टराने वसुली सांभाळून नदीचाही हिशेब ठेवला.

आता माझा हिशेब. मी मूळचा निपाणीकडचा. यमगर्णीजवळ महामार्गावर वेदगंगेचा पूल आहे, त्या नदीच्या काठी लहानपणचे उन्हाळे गेले. तिथे एक म्हातारे भोई बसत. आम्ही मुले त्यांना मामा म्हणत असू. त्यांची काठी बांबूची, तरंगायला भेंडाचा तुकडा. गळाला दोरा आवळण्याची त्यांची रीत होती. ओला दोरा, मेणाचा हात, एकाला एक लागून वेढे आणि टोक आत दडवलेले. यॉर्कशायरच्या टेबलावर जेव्हा रेशमाचे वेढे पाहिले तेव्हा मला मामांची बोटे दिसली. पहिल्या पुराचे गढूळ पाणी आले की कोणता मासा काठाला लागतो, पाणी निवळल्यावर कोणता, मरळीला काय आवडते, वाम कुठे दडते, शिंगाळ्याचा काटा लागला तर काय करावे, हे ते न विचारता सांगत. मी पदवीधर झालो, नोकरीला लागलो. सुटीत गावी आलो की ते विचारीत, ‘काय साहेब, काय लिहिता कचेरीत?’ मी हसत असे. त्यांच्या तोंडचे एक वाक्यही मी कधी लिहून घेतले नाही. ते गेले त्याला आता चाळीसेक वर्षे झाली. त्यांच्याबरोबर काय गेले, याची यादीही मला आज करता येत नाही.

नोकरीत असताना तळ्यांच्या मासेमारीच्या लिलावाच्या कागदांवर मी अनेकदा सह्या केल्या. त्यांत रक्कम असे, मुदत असे, बोली बोलणाऱ्याचे नाव असे. तळ्यात कोणते मासे आहेत याचा रकानाच नसे. तो रकाना असावा असे मलाही कधी सुचले नाही.

रानकोंबड्याकडे परत येतो. सोनेरा या फ्रेंच प्रवाशाने १७८२ च्या आपल्या ग्रंथात त्याचे वर्णन केले, आणि १८१३ साली टेमिंक याने त्याला सोनेराचेच नाव दिले. बेळगावात राहून गेलेल्या बटलर या लष्करी अधिकाऱ्याने दख्खन व दक्षिण मराठा मुलखातल्या पक्ष्यांची यादी १८८१ साली ‘स्ट्रे फेदर्स’ या नियतकालिकात छापली. ते नियतकालिक चालवणारे अ‍ॅलन ह्यूम पुढे काँग्रेसचे एक संस्थापक झाले. घरगुती कोंबडी एकट्या तांबड्या रानकोंबड्यापासून आली असे डार्विनने १८६८ साली मांडले होते. २००८ साली जनुकांच्या अभ्यासातून दिसले की पिवळ्या कातडीचा गुण तिला आपल्या राखी रानकोंबड्याकडून मिळाला आहे. जगभरच्या खुराड्यांत आपल्या रानाचा अंश आहे.

पण त्याला जगभर नाव मिळाले ते मानेच्या पिसांमुळे. एकोणिसाव्या शतकात सामन माशीच्या कृती पुस्तकांतून छापल्या जाऊ लागल्या आणि ‘जॉक स्कॉट’सारख्या प्रसिद्ध माश्यांच्या दोन्ही बाजूंस हे ठिपकेदार पीस लागे. इथे मला माझ्याच म्हणण्याला एक पुरवणी जोडावी लागते. लिहिलेली कृती विद्या टिकवते, तशी ती मागणीही टिकवते. पुस्तकात ‘जंगल कॉक’ असे छापले की आमच्याकडच्या रानात फास लागत. हिंदुस्थान सरकारने १९०२ साली पक्ष्यांची कातडी व पिसे देशाबाहेर नेण्यावर बंदी घातली, ब्रिटनने १९२१ साली पिसांच्या आयातीविरुद्ध कायदा केला आणि १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्याने या पक्ष्याच्या शिकारीला आळा घातला. आज तिकडचे कारागीर पाळून वाढवलेल्या पक्ष्यांची पिसे वापरतात किंवा नकली पिसे लावतात. आमच्याकडे खानापूर तालुक्यातले भीमगड २०११ साली अभयारण्य झाले आणि तिथे ती बांग अजून ऐकू येते.

पिसांची हाव मात्र कायद्याने सरत नाही. २००९ साली इंग्लंडमधील ट्रिंग येथल्या संग्रहालयातून एका तरुण बासरीवादकाने २९९ पक्ष्यांची कातडी चोरली. कारण एकच, सामन माश्यांसाठी दुर्मीळ पिसे. तो सापडला, बरेच पक्षी परत मिळाले. पण त्यांपैकी अनेकांच्या पायांना बांधलेल्या चिठ्ठ्या नाहीशा झाल्या होत्या. पक्षी कोठे व केव्हा मिळाला हे त्या चिठ्ठीवर लिहिलेले असते. चिठ्ठी गेली की शास्त्राच्या दृष्टीने उरते ते नुसते सुंदर कातडे. यॉर्कशायरच्या पेटीतले माझे रानकोंबड्याचे पीस तसेच होते.

याउलट एक उदाहरण आपल्याच राज्यातले आहे. कावेरीवर गालिबोरे येथे हौशी लोक गळाने महाशीर धरीत आणि पुन्हा सोडून देत. तिथल्या १९९८ ते २०१२ या वर्षांतल्या नोंदी पुढे संशोधकांनी तपासल्या. त्यांतून दिसले की कावेरीचा मूळचा कुबडा महाशीर झपाट्याने कमी होत आहे आणि बाहेरून आणून सोडलेला निळसर परांचा महाशीर त्याची जागा घेत आहे. शिकारीच्या पुस्तकांतून सव्वाशेहून अधिक वर्षे गाजलेल्या त्या कुबड्या माशाचे शास्त्रीय नाव २०१८ साली निश्चित झाले, तेव्हा तो नामशेष होण्याच्या काठावर होता. हौशी माणसांच्या त्या नोंदी नसत्या, तर तो कमी होतो आहे हे कळायला आणखी उशीर झाला असता.

म्हणून गेल्या पावसाळ्यापासून मी एक दोनशेपानी वही केली आहे. आठवड्याच्या बाजारात मासे विकायला बसणाऱ्या बायकांपाशी जातो. माशाचे नाव मराठीत काय, कन्नडमध्ये काय, कोणत्या नदीचा, कोणत्या महिन्यात मिळतो, पूर्वी मिळत असे आणि आता मिळत नाही असा कोणता, हे विचारतो आणि त्यांच्याच शब्दांत लिहितो. सांगणाऱ्या बाईचे नाव तिला विचारून पहिल्या रकान्यात घालतो. पहिल्या दिवशी एका आजीने विचारले, ‘लिहून काय करणार, साहेब? कर लावणार?’ मी म्हटले, ‘नाही आजी, विसरू नये म्हणून.’ तिने टोपलीवरचे ओले फडके बाजूला केले आणि एकेका माशाला हात लावीत नावे सांगायला सुरुवात केली. पाचवे नाव मी कधी ऐकले नव्हते. मी ते तिला दोनदा म्हणायला लावले आणि मग लिहिले.